अंगणवाडीतल्या मुलांवर संशोधन करायचं, तर परवानगी नेमकी कोणाची?

समजा, तुम्ही एम.एड. किंवा समाजकार्याचे विद्यार्थी आहात. विषय घेतलाय 'तीन ते सहा वयोगटातल्या मुलांचा भाषाविकास'. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, सातपुड्यातल्या एका पाड्यावर तुम्ही पोहोचलात. सरपंचांची सही मिळाली आहे. अंगणवाडी सेविकेने मुलांना ओळीत बसवलंय. तुम्ही पहिल्या मुलीसमोर चित्रांची कार्डं ठेवता आणि विचारता, 'हे काय आहे?' मुलगी काही बोलत नाही. मान खाली घालते आणि दाराकडे बघत राहते.

आता तुमच्या तक्त्यात काय लिहाल? 'उत्तर येत नाही'? 'प्रश्न कळला नाही'? की 'तिला यात भाग घ्यायचा नाही'?

या तीन नोंदींचे अर्थ अगदी वेगळे आहेत. त्यातली योग्य कोणती हे ओळखता येणं, हा बालशिक्षणातल्या नैतिक संशोधनाचा पहिला धडा.

नैतिक संशोधन म्हणजे काय?

ज्यांच्यावर आपण अभ्यास करतो त्यांना इजा होऊ नये, त्यांची फसवणूक होऊ नये, त्यांना नकार देता यावा आणि अभ्यासाचा काही उपयोग त्यांच्यापर्यंतही पोहोचावा, यासाठी पाळायचे नियम म्हणजे संशोधनाची नैतिकता. मोठ्या माणसाला नको असेल तर तो 'मला वेळ नाही' म्हणून उठून जातो. चार वर्षांच्या मुलाला तसं जमत नाही. म्हणून इथे संशोधकाची जबाबदारी वाढते.

भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९९२ मध्ये स्वीकारला. आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा मुलाचा हक्क या कराराच्या १२व्या कलमात मान्य केला आहे. हा हक्क अंगणवाडीतल्या मुलालाही आहे.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न जास्त टोकदार का होतो?

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यातले जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्या वेळी राज्यात सर्वांत कमी. पुढे २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही नंदुरबार आला.

त्यामुळे इथे पाहणी करायला येणाऱ्यांची कमी नसते. कुपोषण, स्थलांतर, गळती, अशी विषयांची यादी मोठी आहे. पण विचारणारा बाहेरचा, शिकलेला, मराठी बोलणारा आणि उत्तर देणारी पावरी किंवा भिली बोलणारी मजूर आई असेल, तर दोघांच्या ताकदीत फरक असतोच. 'नाही म्हटलं तर अंगणवाडीचा आहार बंद होईल का?' अशी शंका तिच्या मनात आली, तर तिचा होकार खरा नव्हे. म्हणून 'नाही म्हणालात तरी तुमचं काहीही बंद होणार नाही' हे वाक्य आधी, स्पष्ट आणि तिच्या भाषेत सांगावं लागतं.

सरपंचांची सही पुरते का?

नाही. अंगणवाडीत पाऊल टाकायला बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी लागते. गावात ग्रामपंचायतीला, पाड्यावरच्या जाणत्या माणसांना विश्वासात घेणंही योग्यच. पण ही झाली दारातून आत येण्याची परवानगी. मुलाबद्दलची संमती आई, वडील किंवा कायदेशीर पालकांचीच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे: समुदायाची परवानगी ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. ही तत्त्वं वैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी आहेत, पण शिक्षणाच्या अभ्यासकालाही ती उपयोगी पडतात.

इथे चूक झाली तर काय होतं, याचं एक उदाहरण देशात घडलेलं आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात 'पाथ' या संस्थेच्या प्रकल्पात मुलींना एचपीव्ही लस देण्यात आली. खम्ममधल्या अनेक मुली आदिवासी होत्या आणि आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहत होत्या. त्यांच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचं समोर आलं. २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. त्या काळात झालेले मुलींचे मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही. तरीही संमतीतला दोष कायम राहिला. नंदुरबारमध्येही आश्रमशाळा मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हा धडा इथे थेट लागू होतो.

आईला वाचता येत नसेल, तर संमतीपत्र तिच्या भाषेत वाचून दाखवायचं. शेजारी त्रयस्थ साक्षीदार हवा. सगळं समजल्यानंतर अंगठा घ्यायचा. समजलं का हे तपासायला सोपा उपाय आहे: 'आम्ही काय करणार आहोत, ते तुम्हीच सांगा बरं' असं विचारायचं. तिला सांगता आलं नाही, तर आपलं समजावणं कमी पडलं.

मूल 'नाही' कसं म्हणतं?

आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वयोगटात लेखी सहमती घ्यायची असते. सातच्या आतल्या मुलाच्या सहमतीची कागदोपत्री नोंद आवश्यक नाही. पण याचा अर्थ त्याला विचारायचंच नाही, असा होत नाही.

लहान मूल अंगाने बोलतं. मान फिरवतं, गप्प होतं, सेविकेच्या पदराआड जातं, वारंवार 'शू लागली' म्हणतं. ही चिन्हं दिसली की थांबायचं. आईचा अंगठा असला तरीही. नंतर पुन्हा एकदा विचारायला हरकत नाही, मात्र चॉकलेटचं आमिष दाखवायचं नाही. आज हो म्हणालेलं मूल उद्या नको म्हणू शकतं, म्हणून दरवेळी नव्याने विचारायचं.

भाषा संशोधकाची चुकते, शिक्का मुलावर बसतो

धडगाव-शहाद्याकडे पावरी, अक्कलकुवा-तळोद्याकडे देहवाली भिली, नवापूरकडे मावची आणि कोकणी. शिवाय अहिराणी आणि गुजरीही आहेतच. देहवालीत आईला 'याहा' म्हणतात. याहामोगी या देवीच्या नावातही तोच शब्द आहे. आता घरी 'याहा' म्हणणाऱ्या मुलाला चित्र दाखवून 'आई कुठे आहे?' विचारलं आणि ते गप्प राहिलं, तर आपण त्याची समज मोजली की त्याचं मराठी?

अशा तक्त्यातून 'या भागातली मुलं मागे आहेत' असा निष्कर्ष निघतो, बातमी होते आणि मुलांवर शिक्का बसतो. शिक्क्याने काय होतं हे जगाने पाहिलंय. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वेंडेल जॉन्सन यांच्या देखरेखीखाली २२ अनाथ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना मुद्दाम 'तुम्ही अडखळता' असं सांगण्यात आलं. काही मुलं बोलायलाच कचरू लागली. आयोवा विद्यापीठाने त्याबद्दल माफी मागितली ती २००१ मध्ये.

म्हणून चाचणी आधी मुलाच्या भाषेत करून पाहायची, प्रश्न स्थानिक माणसाकडून तपासून घ्यायचे आणि दुभाष्यालाही गोपनीयता शिकवायची.

दिसलं, लिहिलं आणि निघालो, असं चालेल का?

भाषेचा अभ्यास करताना तुम्हाला एखादं मूल फारच अशक्त दिसलं. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषण मानलं जातं. तुमचा विषय आहार नाही, हे खरं. तरी सेविकेला आणि पालकांना त्याच दिवशी सांगणं हे तुमचं काम आहे. पुढे ग्राम बालविकास केंद्र किंवा पोषण पुनर्वसन केंद्राचा मार्ग त्या दाखवू शकतात.

लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर गोपनीयतेचं वचन तिथेच संपतं. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा बालमदत क्रमांक आहे. म्हणून पालकांना 'काहीही कोणाला सांगणार नाही' असं सरसकट वचन देऊ नका.

फोटो, नाव आणि व्हॉट्सअ‍ॅप

'दुर्गम भागात अभ्यास करताना' असं लिहून मुलांसोबतचा सेल्फी टाकायचा मोह अनेकांना होतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. संशोधनाला काही अटींवर सूट मिळते, पण इन्स्टाग्रामवरची पोस्ट म्हणजे संशोधन नव्हे.

नाव बदललं की ओळख लपते, असंही नाही. वीस घरांच्या पाड्यावर 'अंगणवाडीतली पाच वर्षांची जुळी मुलं' एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं. म्हणून पाड्याचं नाव, नातं, आजार यांपैकी काय गाळायचं हे आधीच ठरवायचं.

कधी जायचं, हाही नैतिक प्रश्न आहे

दिवाळीनंतर अनेक कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातकडे जातात, मुलांना सोबत घेऊन. होळीच्या सुमारास बरेच जण परततात. डिसेंबर-जानेवारीत केलेल्या पाहणीत नेमकी हीच मुलं सुटतात. अहवालात मात्र 'पाड्यावरची मुलं' असा उल्लेख येतो. कोण सुटलं हे लिहिणं हा प्रामाणिकपणाचाच भाग आहे.

हे शिकायचं कसं?

विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमात 'संशोधन आणि प्रकाशन नैतिकता' हा दोन श्रेयांकांचा विषय अनिवार्य केला आहे. त्यात वाङ्मयचौर्य, खोटी आकडेवारी, बोगस नियतकालिकं यांवर भर आहे. ते गरजेचंच, पण दाराकडे बघणाऱ्या मुलीसमोर काय करायचं हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी जुनी वाट उपयोगी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडला वारली मुलांमध्ये गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी निरीक्षण, मग ओळख, मग प्रश्न, हा क्रम संशोधकालाही लागू पडतो. पहिले काही दिवस वही न उघडता नुसतं मुलांमध्ये बसा. मुलं तुम्हाला खेळात घेऊ लागली की मगच कार्डं काढा.

आणि शेवटचं काम प्रबंध सादर झाल्यावरचं. पाड्यावर परत जा. काय सापडलं ते सेविकेला आणि पालकांना त्यांच्या भाषेत सांगा. चुकीचं वाटलं तर ते बोलतील, ते ऐका.

त्या मुलीच्या नावापुढे काय लिहायचं? त्या दिवशी एवढंच: 'आज तिची इच्छा नव्हती, थांबलो.' तक्त्यातली एक जागा रिकामी राहील. राहू द्या.