अव्वाच्या वाट्याची मिरची

बाहेरची माणसं संकेश्वर ओळखतात ते मिरचीमुळं, नाहीतर शंकराचार्यांच्या मठामुळं. पुणे-बंगळूर रस्त्यानं जाणाऱ्याला हिरण्यकेशीचा पूल दिसतो, उसाचे ट्रॅक्टर दिसतात, आणि गाव मागं पडतं. आज्जीच्या बोलण्यातलं संकेश्वर मात्र माणसांचं होतं. कोण कुणाशी बोलत नव्हतं, कुणाच्या दारात कोण पाणी पीत नव्हतं, कोण कुणाच्या आडून गेलं, याचं. तिचा इतिहास सनावळीनं चालत नसे. "मानमोडीच्या आधी", "राज्यं फुटली तवा", "निपाणीत गोळीबार झाला त्या वर्सी" अशा खुणांवर चाले. सन मी मागाहून शोधून लावले.

मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लूएन्झाची साथ. जूनमध्ये ती मुंबईत उतरली, पावसाळा सरता सरता खेड्यापाड्यांत पसरली आणि देशभरात सव्वा कोटीहून जास्त माणसं घेऊन गेली. आज्जी तेव्हा सहा वर्षांची होती. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका घरातून, ती सांगायची, आठवड्यात तीन मुडदे निघाले. चौथ्या पोराला ताप चढला तेव्हा बापानं सौंदत्तीच्या दिशेला तोंड करून सांगितलं, "यल्लव्वा, एवढं पोरगं ठेव, पोरगी तुला सोडतो." पोरगं वाचलं. पोरगी आज्जीच्याच वयाची. नवस फिटला तो तिच्यावर. सौंदत्तीला जोगुळभावीत आंघोळ घालून तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं, हातात परडी दिली, आणि ती जोगतीण झाली. पुढं सगळी गल्ली तिला अव्वाच म्हणायला लागली. तिच्या जिवावर वाचलेल्या त्या भावानं मोठेपणी स्वतःच्या लेकीच्या लग्नात तिला हळदीला बसू दिलं नाही.

मी पाहिली ती म्हातारी अव्वा. कपाळभर भंडारा, डोईवर जटेचा भारा, आवाज घोगरा. मंगळवारी-शुक्रवारी ती जोगव्याला यायची. बायका परडीत जोंधळं घालायच्या, पायांवर डोकं ठेवायच्या, तिच्या कपाळाचा भंडारा आपल्या पोरांच्या कपाळाला लावायच्या. मग अव्वा पुढच्या दाराला जायची. तिच्या पायांवर डोकं ठेवणाऱ्या बायकांपैकी एकीनंही तिला "जेवलीस का" म्हणून विचारलेलं आज्जीला आठवत नव्हतं. मला ही गोष्ट अजून सोसत नाही. वाळीत टाकलेल्या माणसाला आपण वाळीत आहोत एवढं तरी कळतं. अव्वाला मान होता आणि सोबत नव्हती. मान असलेल्या माणसाचं दुखणं लोकांच्या ध्यानात यायला फार उशीर लागतो.

यल्लम्माच्या रीतीत एक विलक्षण क्रूर चक्र आहे. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवी विधवा होते, म्हणून तिच्या बायकाही बांगड्या फोडतात. माघातल्या अहेव पुनवेला देवी पुन्हा सवाष्ण होते आणि बायका बांगड्या भरतात. अव्वानं पन्नासेक वर्षं हे केलं. दर साल एकदा विधवा व्हायचं, एकदा सवाष्ण व्हायचं, आणि नवऱ्याचं घर कधीच नाही. मधे एका खात्यापित्या घरचा माणूस काही वर्षं येत होता. त्याच्यापासून तिला मुलगी झाली. तो मेला तेव्हा अव्वाला प्रेत बघू दिलं नाही. त्या वर्षी रांडाव पुनवेला तिनं बांगड्या फोडल्या त्या देवीसाठी की त्याच्यासाठी, हे आज्जीनं तिला कधी विचारलं नाही.

कायदा नव्हता असं नाही. मुंबई सरकारनं 1934 सालीच देवदासींसाठी कायदा केला होता. मुली सोडणं गुन्हा ठरवलं आणि देवदासीनं केलेलं लग्न कायदेशीर ठरवलं. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे कायदा आमच्या गल्लीलाही लागू होता. अव्वाला त्याचा पत्ता नव्हता. गल्लीतल्या शिकलेल्या माणसांना असावा, पण त्यांनी तो तिला सांगितला नाही.

आता मिरची.

संक्रांतीनंतर आमच्याकडं मिरचीचा हंगाम भरात असतो. संकेश्वरी मिरची लांब, अंगानं बारीक, वाळली की गर्द तांबडी. व्यापाऱ्याच्या पडवीत आणि अंगणात ढीग पडायचे आणि देठ खुडायला गल्लीतल्या बायका रिंगण करून बसायच्या. मजुरी वजनावर. बसण्याआधी हाताला खोबरेल चोळायचं, तोंडाला पदर बांधायचा, आणि काही झालं तरी डोळ्याला हात लावायचा नाही. डाव्या मुठीत पाच-सहा मिरच्या, उजव्या अंगठ्याच्या नखानं देठ उडवायचा, मिरची पोत्यात, देठ मांडीखाली. तासाभरात नखाखाली जी आग सुरू होते ती रात्री भाकरी थापतानाही जात नाही. खकाणा उठला की सगळं रिंगण एकदम शिंकतं, मग हसतं.

तिथं एका शुक्रवारी अव्वा जोगवा मागायला आली. साल आज्जी सांगायची ते "राज्यं फुटली त्याच्या आदलं", म्हणजे 1955 च्या आसपास. बायकांनी उठून पाया पडायला सुरुवात केली. आज्जी उठली नाही. तिचं कारण साधं होतं: उठलं की मांडीवरचे देठ सांडतात.

"पायाला नंतर हात लावतो," ती म्हणाली. "दमलीयास की. बस हितं."

अव्वा उभीच. "माझा हात लागल्याला चालंल काय मिरचीला?"

"मिरचीला कुठं डोळं हाईत? खूड."

अव्वा बसली. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही. संध्याकाळी व्यापाऱ्यानं तिच्या वाट्याचं वजन केलं आणि पैसे हातात देईना, परडीत टाकायला लागला. तिनं परडी मागं घेतली आणि तळहात पुढं केला. आज्जी ही गोष्ट सांगताना स्वतःचा तळहात पुढं करून दाखवायची. भीक आणि मजुरी यांत काय फरक असतो ते मला त्या हातानं कळलं, पुस्तकांतून नाही.

मग ती हंगामभर येत राहिली. आणि पंधरा-वीस दिवसांनी केव्हातरी बोलायला लागली, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. बापाचा नवस, भाचीचं लग्न, प्रेत न दाखवणं, सगळं. आज्जी म्हणायची, त्या अंगणात रडायला सोपं होतं. सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी. कुणाचं मिरचीचं, कुणाचं कशाचं, कोण बघतंय? कुणी तिला "गप, रडू नको" म्हणालं नाही. एकीनं आपल्या दारूड्या नवऱ्याचं सांगितलं, एकीनं विहिरीत ढकललेल्या बहिणीचं. हात थांबत नव्हते, कारण थांबले तर मजुरी बुडते.

अमेरिकेतल्या जुडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1992 साली आघातांवर एक पुस्तक लिहिलं. जबर धक्क्यातून माणूस एकट्यानं बरा होत नाही, दुसऱ्या माणसांशी जोडला जाऊनच होतो, असं त्यांनी त्यात मांडलं. त्या हे शिकल्या त्या वाटांपैकी एक होती सत्तरच्या दशकातली बायकांची गटचर्चा. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनीही तिकडं असेच गट केले होते. हर्मनबाईंना आमच्या व्यापाऱ्याचं अंगण दाखवायला हवं होतं. फक्त तिथं चर्चा असं कुणी म्हटलं नसतं. कामाच्या वेळचं बोलणं ते.

त्या रिंगणात एका हंगामात मोठा वाद झाला. अव्वाची मुलगी नहाण येण्याच्या वयाला आली होती. जोगतिणीची मुलगी म्हणजे तिच्याही गळ्यात दर्शन, ही रीत. दोघी म्हणाल्या, देवीला दिलेला शब्द मोडू नये, घरात काहीतरी होतं. आज्जी म्हणाली, "आता घरात व्हायचं काय राहिलंय?" हा वाद दिवसचे दिवस चालला. शेवटी अव्वाच म्हणाली, मला सोडलं ते सगळ्यांच्या वाटणीचं झालं. मुलीच्या गळ्यात काही बांधलं नाही. रिंगणातल्या एकीची नणंद निपाणीत वखारीत कामाला होती, तिच्या ओळखीनं मुलीला तिकडं धाडलं. मी तिला मावशी म्हणतो.

एकटेपणातून सुटून ती कुठं गेली, तर तंबाखूच्या वखारीत. निपाणीच्या वखारींत बिडीची तंबाखू झोडपायची, चाळायची, भरायची. दिवसभर धुरळा, रात्रभर खोकला, मजुरी जेमतेम. आणि संध्याकाळी सुटताना फाटकावर झडती. तंबाखू चोरून नेतात म्हणून बायकांच्या अंगाला हात लावून तपासणी व्हायची. झडती कशाला म्हणायचं, आणि हात कुठं कुठं जायचा, हे प्रत्येकीला ठाऊक होतं आणि कुणी कुणाला सांगत नव्हतं. शेजारी शेजारी बसून चाळणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं ते एकेकटीनं गिळलं.

सत्तरचं दशक सरता सरता देवचंद कॉलेजातले प्रा. सुभाष जोशी या बायकांमध्ये जाऊ लागले. (हे कॉलेज आहे निपाणीचं, पण उभं आहे अर्जुननगरात, महाराष्ट्राच्या हद्दीत. सीमाभागात असंच असतं.) चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला, संप झाले, मजुरी वाढली. अनिल अवचटांनी या बायकांवर लिहिलं, छाया दातारांनी पुढं त्यांच्या संघटनेवर अख्खा अभ्यास केला. पण मावशीला विचारा, संघटनेचं काय आठवतं? ती मजुरीवाढीचा आकडा सांगत नाही. एका सभेत एक पोक्त बाई उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "झडतीत मला इथं इथं हात लावतात." आणि मागून एकेक पदर हलायला लागला: मलाबी, मलाबी. "तवर मला वाटायचं," मावशी म्हणते, "माझ्यातच काय तरी असंल." हे वाक्य ती अजूनही खालच्या आवाजात म्हणते.

त्याच निपाणीत 1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या हाकेवर तंबाखूचे शेतकरी महामार्गावर येऊन बसले, आणि 6 एप्रिलला गोळीबार झाला. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. वखारीतल्या बायकांच्या त्या सभेचा फोटोसुद्धा मला कुठं मिळाला नाही.

इकडं गडहिंग्लजला 1975 मध्ये देवदासींची परिषद भरली. बाबा आढाव, प्रा. विठ्ठल बन्ने ही माणसं त्यामागं होती. संकेश्वराहून गडहिंग्लज म्हणजे हाकेचं अंतर, फक्त मधे राज्य बदलतं. आज्जी अव्वाला एसटीत घालून घेऊन गेली. परत आल्यावर अव्वा दोन गोष्टींवर बोलत राहिली. एक, एवढ्या जोगतिणी एका मांडवात, आणि त्यांतली एकही नाचायला किंवा मागायला आलेली नाही. दोन, "माझी जट कापायला निघाल्यात." जट तिनं शेवटपर्यंत कापू दिली नाही. कार्यकर्त्यांना ते अपयश वाटत असेल. मला वाटतं, जिच्या अंगावरचं सगळंच दुसऱ्यांनी ठरवलं तिनं एवढं तरी स्वतः ठरवलं. ती गेली 1983 साली. आज्जीनं आमच्या घरात दहा दिवस गोड केलं नाही, आणि नातं काय म्हणून विचारणाऱ्या शेजारणीला उत्तरही दिलं नाही.

कर्नाटकानं 1982 मध्ये नवा कायदा केला, महाराष्ट्रानं 2005 मध्ये. तरी 2007-08 च्या पाहणीत कर्नाटकात 46,660 देवदासी मोजल्या गेल्या. कायद्यापेक्षा आमच्या भागात जास्त चाललं ते बायकांनी बायकांना गाठण्याचं काम. मायराडा या संस्थेच्या मदतीनं घटप्रभेला 1997 मध्ये देवदासी राहिलेल्या बायकांचीच संघटना झाली, मास या नावानं ती ओळखली जाते. चिकोडी तालुक्यातल्या सीतव्वा जोडट्टी लहानपणी देवीला सोडलेल्या. त्या या संघटनेच्या प्रमुख झाल्या आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बचत, कर्ज, शेळ्या, यात्रेत नजर ठेवून मुली सोडणं अडवणं, अशी ही कामं. सोडलेल्या बाईला सोडलेली बाईच दारात येऊन विचारते, तेव्हा कडी लवकर निघते.

मावशी या संघटनेत बसत नाही, कारण ती देवदासी नाही. तिच्या आईनं ती होऊ दिली नाही. तिला वखारीचं पेन्शन आहे, महिना हजार रुपये. परवा मी तिला सांगितलं, कर्नाटकात 2025 मध्ये देवदासींवर नवं विधेयक आलंय, त्यांच्या मुलांना बापाचं नाव शोधायचा हक्क मिळणार आहे. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "मला ठावं हाय की कोण ते. त्याच्या नातवानं मागल्या साली मला बसमधी जागा दिली, त्याला ठावं नाही." आणि मग टरफलं झाडत: "त्यापरास पेन्शन वाढवा म्हणावं. हजारात गॅस येतो आन् वर चहापावडर. तेवढं लिही तुझ्या लेखात."