बंदर, तळी आणि पालिका : पनवेलची वाटचाल

पनवेलची नगरपालिका १८५२ची, महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या पालिकांपैकी एक. १८५०च्या सव्विसाव्या कायद्याने गावकऱ्यांना स्वतः अर्ज करून पालिका मागण्याची मुभा दिली होती आणि पनवेल दोन वर्षांतच त्या वाटेने गेले. तेवढी ऐपत गावाकडे तेव्हा होती. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि पुढे बोरघाटाची वाट धरायचा. १८३०मध्ये घाटातून गाडीरस्ता झाल्यावर वर्दळ आणखी वाढली. तांदळाचा व्यापार होताच. पण बैलगाडीची चाके बनवण्यासाठीही पनवेल प्रसिद्ध होते आणि घाटावरच्या मालवाहतुकीला इथली चाके जात.

पुढच्याच वर्षी, १८५३मध्ये, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली. १८६३मध्ये रूळ बोरघाट चढून गेले, तेही कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडले. दिव्याहून पनवेलला रूळ यायला १९६०चे दशक उजाडावे लागले. मधल्या शंभर वर्षांत बंदर हळूहळू गाळाने भरत गेले आणि पालिका आपल्या आळ्यांपुरती, मोहल्ल्यांपुरती दिवाबत्ती आणि साफसफाई पाहत राहिली. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या पनवेलकरांचे बालपण या संथ काळाच्या शेवटच्या टोकाचे आहे. त्यांच्या बोलण्यात जे पनवेल येते ते एका दमात पायी पालथे घालता येणारे गाव आहे.

त्या गावाच्या खुणा पाण्याच्या होत्या. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे अशी तळ्यांची नावे एकामागून एक म्हणून दाखवणारी म्हातारी माणसे आजही भेटतात. कोण कुठे राहतो हे तळ्यावरून सांगितले जायचे. पोहायला शिकायचे ते तळ्यात, थोरला भाऊ काठावर उभा असताना. गणपती वडाळ्यात विसर्जित व्हायचे आणि बल्लाळेश्वराच्या देवळापाशी सगळे गाव जमायचे. बंदराकडे कोळीवाडा, एकीकडे पाडा मोहल्ला, बाजारात गुजराती-मारवाडी पेढ्या, बेने इस्राएली कुटुंबांचे १८४९चे बेथ एल सिनेगॉग आणि १८७२ पासून औषधे बनवणारा पुराणिकांचा धूतपापेश्वर कारखाना. एवढे निरनिराळे लोक एवढ्याशा जागेत राहत होते, याचे अप्रूप तेव्हा कोणाला नव्हते. आता मागे वळून पाहताना ते कळते, आणि या गावाबद्दल मला सर्वांत जास्त माया त्यामुळेच वाटते.

मुंबई तेव्हा लांब होती. एसटीने मुंब्रा, ठाणे असा वळसा घालून जावे लागे. १९७३मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि अंतर एकदम आटले. त्याआधी, १९७०मध्ये नवी वसाहत उभारण्यासाठी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली होती. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातली शेते, खाजणे, मिठागरे संपादित होऊ लागली. रुळांच्या पूर्वेला, जिथे पावसाळ्यात भाताची लावणी दिसायची, तिथे सेक्टर आखले गेले आणि त्याला नवीन पनवेल हे नाव मिळाले. जमिनीच्या मोबदल्यासाठी आगरी-कोळी शेतकरी रस्त्यावर उतरले. पनवेलचे आमदार राहिलेल्या दि. बा. पाटलांनी त्यांचे नेतृत्व केले. जानेवारी १९८४मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले, त्यामागे ही किंमत आहे. शहराच्या वाटचालीत ती आधी सांगायला हवी. इमारतींची उंची नंतर.

या सगळ्यात नगरपालिकेची हद्द जुन्या पनवेलपुरतीच राहिली. रुळांपलीकडे रस्ते, नळ, गटारे सिडकोची, अलीकडे पालिकेची. एकाच बाजारात भाजी घेणाऱ्या दोन शेजाऱ्यांची तक्रार घेऊन जायची कार्यालये वेगळी. १९९८मध्ये हार्बर लोकल पनवेलपर्यंत आली आणि रोज सकाळी मुंबईला जाणारे एक नवेच शहर उभे राहिले. त्याला वडाळे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पालिकेच्या पदरात मात्र एक अशी गोष्ट आहे की जिचा अभिमान जुन्या नगरसेवकांच्या बोलण्यात हमखास येतो : माथेरानच्या पायथ्याशी, गाढी नदीवरचे देहरंग धरण. स्वतःच्या मालकीचे धरण असलेल्या नगरपालिका फार नव्हत्या. गाव तळ्या-विहिरींवरून नळावर आले ते या धरणामुळे. पण वर्षानुवर्षे गाळ साठत गेला, माणसे वाढत गेली आणि उन्हाळ्यात धरण तळ गाठू लागले. बाकीचे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून घ्यावे लागते. घरात नळ आल्यावर विहिरींकडे आणि तळ्यांकडे पाठ फिरली, हे मला या संपूर्ण प्रवासातले सर्वांत महागात पडलेले वळण वाटते. काठावर बांधकामे सरकली, सांडपाणी उतरले, आणि पावसाचे पाणी कुठे मुरायचे हे गाव विसरले. २६ जुलै २००५ला गाढीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले. पूर्वी पाणी कुठवर चढायचे आणि कुठून उतरायचे, हे तेव्हा ज्यांना विचारायला हवे होते ती माणसे तळ्याकाठीच राहत होती.

१ ऑक्टोबर २०१६ला पनवेल महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल आणि २९ गावे एका छत्राखाली आली. मे २०१७मध्ये ७८ जागांसाठी पहिली निवडणूक झाली. पाठोपाठ मालमत्ता कराचा वाद पेटला : सिडकोला सेवाशुल्क भरले असताना मागील वर्षांचा कर पालिकेला का द्यायचा, असा सिडको वसाहतींचा सवाल होता. मला तो रास्त वाटतो. हद्द एका अधिसूचनेने जोडता येते; कर मागणाऱ्या संस्थेला आपली म्हणायला लोकांना वेळ लागतो.

वडाळे तळ्याचे सुशोभीकरण महानगरपालिकेने केले आहे. संध्याकाळी तिथे जुन्या आळ्यांतली माणसे आणि नव्या वसाहतींतली मुले एकाच वाटेवरून फिरताना दिसतात. दुसरीकडे, नवी मुंबईच्या विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे अशी गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली आणि ऑक्टोबर २०२५मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. उठलेल्या गावांतल्या आजी-आजोबांकडे आता गावठाण नाही. घरांच्या, देवळांच्या आणि खाडीच्या आठवणी आहेत.

२०२७मध्ये पालिकेच्या स्थापनेला १७५ वर्षे होतील. ठराव आणि कराच्या नोंदी दप्तरी असतात. तळ्यात पाणी कुठून यायचे, बंदरात होड्या कुठे लागायच्या, कोणत्या शेतात पहिले पाणी साचायचे हे मात्र माणसांच्या तोंडीच आहे. महानगरपालिकेने प्रभागवार दोन-दोन शिक्षक आणि महाविद्यालयीन मुले नेमून ही बोलणी ध्वनिमुद्रित करून घ्यावीत, उठलेल्या गावांपासून सुरुवात करावी, आणि विकास आराखडा करणाऱ्या अभियंत्यांना ती ऐकवावीत. सांगणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी हाती घ्यायला हवे.