राहायची बोट कशी निवडतात? म्हादेई आणि तारिणीची गोष्ट



आम्हा पुसेगावकरणींना समुद्र लांबच. रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या पुढं. आम्ही पाणी पाहिलं ते कयाधूचं, नाहीतर येलदरी-सिद्धेश्वरच्या धरणाचं. तरी आज आम्ही बोटीचा इतिहास सांगणार आहोत. बोट कशाला, असं म्हणाल, तर कारण आहे. आपल्या गटात गिरणी घ्यायची, शेवयांचं मशीन घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, कोणतं घ्यायचं? घ्यायची वस्तू जर महिनोन् महिने राहायचं घर असेल, आणि त्या घराच्या चारी बाजूंना नुसतं पाणी असेल, तर तिची निवड कशी करायची? हे काम आपल्या माणसांनी केलं आहे.

सुरुवात होते निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्यापासून. नौदलातून निवृत्त झाल्यावर ते फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहत. भारतीय माणसानं शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, आणि ती बोटही भारतातच बांधलेली असावी, हा त्यांचा ध्यास. 2006 साली नौदलातले कमांडर दिलीप दोंदे यांनी त्यासाठी तयारी दाखवली. माणूस मिळाला, पण बोट नव्हती.

आता बोट कशी हवी, याचा विचार करा. लहान घेतली तर महिनाभराचं धान्य, पाणी, हत्यारं मावत नाहीत आणि मोठ्या लाटेत ती टिकत नाही. फार मोठी घेतली तर एकट्या माणसाला शिडं आवरत नाहीत. तळाखाली जड धातूचा कणा हवा, म्हणजे बोट आडवी झाली तरी वजनानं परत उभी राहील. आणि भर समुद्रात मिस्त्री बोलावता येत नाही, म्हणून जे मोडेल ते आतल्या माणसाला जोडता आलं पाहिजे.

हे सगळं पाहून नेदरलँड्समधल्या कारागिरांचा 56 फुटी बोटीचा नकाशा निवडला. बांधायचं काम गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्याला मिळालं. समुद्र ओलांडणारी अशी शिडाची बोट त्यांनी त्याआधी कधी बांधली नव्हती. लाकडी पट्ट्यांवर फायबरग्लासचे थर देऊन ती तयार झाली. बांधकाम चालू असताना दोंदे तिथं हजर असत. कुठला नळ कुठून जातो, कुठली तार कुठं जोडली, हे त्यांनी बोट बनता बनताच शिकून घेतलं. 12 फेब्रुवारी 2009 ला बोट नौदलात आली. नाव ठेवलं म्हादेई. मांडवी नदीचंच हे जुनं नाव.

त्याच वर्षी 19 ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले. वाटेत चार बंदरांत थांबून 19 मे 2010 ला ते परतले. एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढं 2012-13 मध्ये याच म्हादेईतून अभिलाष टॉमी यांनी कुठंही न थांबता फेरी पुरी केली.

मग पाळी आली महिला अधिकाऱ्यांची. मैत्रिणींनो, इथं आम्हाला मोठी गोष्ट दिसते. बायकांसाठी म्हणून एखादी लहान, हलकी बोट काढली नाही. म्हादेई ज्या नकाशावर बांधली, त्याच नकाशावर, त्याच कारखान्यात तिची बहीण बांधली. पहिली बोट जगाला फेरी मारून आली होती, याहून मोठी खात्री कोणती? ही दुसरी बोट 18 फेब्रुवारी 2017 ला नौदलात आली. ओडिशातल्या तारा-तारिणी देवीवरून तिचं नाव तारिणी. तारून नेते ती तारिणी.

त्या आधीच या मुली म्हादेईवर शिकत होत्या, आणि शिकवणारे होते दोंदे. म्हणजे नवं घर मिळायच्या आधी तशाच घरात राहून झालं होतं. 10 सप्टेंबर 2017 ला वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता अशा सहा जणी गोव्याहून निघाल्या. पाच-सहा पावलं रुंद बोटीत सहा जणींचा संसार. पाळीपाळीनं सुकाणू धरायचं, पाळीपाळीनं झोपायचं, स्वयंपाकही आपणच करायचा. अशा बोटींत शेगडी झुलत्या कड्यांवर टांगलेली असते, म्हणजे बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. प्रशांत महासागरात ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा त्यांनी सोसला. 18 जानेवारी 2018 ला दक्षिण अमेरिकेचं केप हॉर्न हे टोक ओलांडलं. शेवटच्या टप्प्यात सुकाणूच बिघडलं. तेव्हा मॉरिशसला थांबून दुरुस्ती करून घेतली आणि 21 मे 2018 ला त्या गोव्याला पोहोचल्या. 254 दिवस, सुमारे 40,000 किलोमीटर.

तारिणी अजून थकली नाही. 2 ऑक्टोबर 2024 ला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तिच्यातून निघाल्या. जगाला फेरी मारून 29 मे 2025 ला त्या गोव्यात परत आल्या. सहा जणींना पुरलेलं घर दोघींनाही आवरलं, कारण मुळात त्याचा नकाशा एकट्या माणसाला झेपेल असाच निवडला होता.

बोट आपण घेणार नाही, पण निवडीची रीत घेऊ शकतो. रंग आणि पाटी शेवटी बघावी. आधी विचारावं की ही वस्तू वापरणार कोण? तिला ती झेपेल का? दुसऱ्या कुणी ती वर्ष-दोन वर्षं चालवली आहे का? बिघडली तर दुरुस्ती कुठं? आणि कर्ज उचलायच्या आधी चालवायला शिकणार कोण? यंत्र बंद पडून राहिलं तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

या महिन्याच्या बैठकीत हे पाच प्रश्न वहीत उतरवा. विक्रेता आला, की चहा नंतर, आधी वही पुढं करा. आणि बायकांसाठी हे हलकं मॉडेल बरं आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला तारिणीची गोष्ट सांगा.