दिनविशेष : ११ जानेवारी
नागपाड्याचा राजपुत्र

भारतीय बास्केटबॉलचे नामवंत कर्णधार गुलाम अब्बास मुंतसिर यांचा जन्म आजच्या दिवशी, १९४२ साली झाला.

महाड-पोलादपूरहून एस.टी.ने मुंबई सेंट्रलला उतरणाऱ्यांना नागपाडा चालत जाण्याइतका जवळ. १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनने तिथे ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ उभारले आणि दाटीवाटीच्या त्या वस्तीत बास्केटबॉल रुजला. त्याच वस्तीतला हा खेळाडू. १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे १९७५ मध्ये, बँकॉकच्या आशियाई बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत, त्यांच्या नेतृत्वाखाली भारत चीन, जपान आणि दक्षिण कोरियापाठोपाठ चौथा आला. हे यश किती मोठे, ते भारताच्या आजच्या क्रमवारीकडे पाहिले की कळते.

त्या काळी आपल्याकडे व्यावसायिक लीग नव्हती. अमेरिकेत बास्केटबॉलपटू ज्युलियस अर्व्हिंग हवेत झेपावून पैसा आणि नाव दोन्ही कमावत होते, इकडे सिमेंटच्या मैदानावर खेळाडू घडत होते. आपल्या तालुक्यांत आजही कबड्डीचीच मैदाने अधिक. पण एखाद्या शाळेने दहा फुटांवर एक कडे जरी लावले, तरी मुंतसिर यांचे नाव तिथल्या मुलांना आवर्जून सांगायला हवे.

९ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.