कागदावरची लेक

साल 1922. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड बेटावरच्या स्थलांतर कचेरीत तू अडकली आहेस. वय 19, कागदावर 17. हाँगकाँगहून येताना आगबोटीत तीन आठवडे एक वही घोकलीस आणि बंदर दिसायच्या आत ती समुद्रात टाकलीस. वहीत एका परक्या कुटुंबाची कुंडली होती: आजोबा कधी वारले, गल्लीत घरं किती, तांदळाची कोठी कुठे. आता तेच तुझं घर.

1882 च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार लावलं. व्यापारी, विद्यार्थी असे मोजके सुटले. शिवाय तिथेच जन्मलेले. पुढे 1906 च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत शहराच्या जन्मनोंदी जळाल्या. ‘मी इथलाच’ म्हणणाऱ्याला खोटं पाडायला दप्तरच उरलं नाही. नागरिकाची मुलं चीनमध्ये जन्मली तरी नागरिक ठरत. म्हणून असा माणूस गावाकडे जाऊन आला की एक अपत्य नोंदवी. बहुधा मुलगा, क्वचित मुलगी. ती नोंद मग विकली जाई. तुझी तशीच विकत घेतलेली.

कचेरीच्या इमारतीत वरती बायकांची खोली. दाराला बाहेरून कुलूप. कोणी महिनाभर आहे, कोणी त्याहून जास्त. आज तुला बोलावणं येतं.

टेबलापलीकडे निरीक्षक, टंकलेखक आणि दुभाष्या. घराला पायऱ्या किती? विहीर किती लांब? शेजारच्या घरात कोण राहतं? तू धडाधड सांगतेस. मग सहज विचारल्यासारखा प्रश्न येतो: आईचे पाय बांधलेले की मोकळे?

तुझी आई अनवाणी भाताच्या चिखलात राबते. तिचे भेगाळलेले पाय डोळ्यांपुढे येतात. वहीतल्या आईचे पाय मात्र बांधलेले आहेत.

“बांधलेले,” तू म्हणतेस.

हेच प्रश्न कागदावरच्या बापाला वेगळे विचारतील आणि दोघांची उत्तरं ताडून पाहतील. सख्ख्या बापलेकींची पायऱ्यांची संख्या चुकली, तर त्यांच्यावरही संशय येतो. इथे नातं सिद्ध होतं ते पाठांतराने, आणि त्यात तू तरबेज आहेस.

तू सुटशील. तेच नाव लावून संसार करशील, मुलांनाही खरं सांगणार नाहीस. 1943 मध्ये तो कायदा रद्द होईल, पण चिन्यांना वर्षाला जेमतेम 105 जागा मिळतील. 1956 मध्ये सरकार म्हणेल, खरी ओळख कबूल करा. तेव्हा तू 53 वर्षांची असशील, कागदावर 51. तुझ्या एका कबुलीने कागदावरचा बाप, भाऊ, त्यांची पोरंबाळं, सगळ्यांचंच नागरिकत्व टांगणीला लागेल. आज ज्यांना तू केवळ पाठ करून नातलग म्हटलंस, ती माणसं तोवर खरोखर तुझ्या भरवशावर जगत असतील.