उसाचा दर आणि जिनिव्हाचा निवाडा

आंतरराष्ट्रीय कायदा व जागतिक अर्थव्यवस्थेचे पदव्युत्तर शिक्षण

गळीत हंगामाच्या तोंडावर कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात ऊसदराचे आंदोलन पेटते, तेव्हा चर्चा असते ती पहिल्या उचलीची आणि साखर आयुक्तालयाच्या भूमिकेची. उसाच्या याच रास्त व किफायतशीर दराविरुद्ध, म्हणजे एफआरपीविरुद्ध, २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या देशांनी जिनिव्हा येथे जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली होती. १४ डिसेंबर २०२१ रोजी तेथील पॅनेलने भारताविरुद्ध निष्कर्ष जाहीर केले. ही वार्ता बांधापर्यंत फारशी पोहोचली नाही. आंतरराष्ट्रीय कायदा आणि जागतिक अर्थव्यवस्था या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र विद्यापीठांची माहितीपत्रके चाळण्यापूर्वी हा खटला वाचावा. या शाखेत नेमके काय शिकावे लागते, ते त्यातून लख्ख दिसते.

खटल्याचा गाभा असा. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारानुसार विकसनशील देशाला एखाद्या पिकासाठी त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत आधार देता येतो. भारताचा युक्तिवाद होता की, एफआरपीची रक्कम कारखाने देतात, सरकारच्या तिजोरीतून छदामही जात नाही, मग हा सरकारी आधार कसा? पॅनेलने तो अमान्य केला. सरकारने दर ठरवून तो बंधनकारक केला की पुरे, खरेदी सरकारनेच करावी असे करार म्हणत नाही, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. २०१४-१५ ते २०१८-१९ या सलग पाच हंगामांत भारताने मर्यादा ओलांडल्याचा निष्कर्ष त्यावरून निघाला. साखर निर्यातीसाठी दिलेली मदतही नियमबाह्य ठरली.

येथपर्यंत कायदा झाला. पुढचा भाग गणिताचा आहे. आधार किती, हे मोजताना आजच्या सरकारी दरातून एक ‘बाह्य संदर्भ दर’ वजा करतात आणि येणारा फरक पात्र उत्पादनाने गुणतात. हा संदर्भ दर १९८६ ते १९८८ या वर्षांवर बेतलेला आणि गोठवलेला आहे. तीन दशकांची महागाई त्यात धरलेली नसल्याने आजचा दर त्याच्याशेजारी ठेवला की फरक प्रचंड दिसतो. करार वाचणाऱ्या वकिलाला हे सूत्र कळते, पण ते कोणाच्या बाजूने झुकते हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला आधी दिसते. उलट अर्थशास्त्रज्ञ ‘हे अन्याय्य आहे’ असे म्हणून थांबतो, तेथे करारातील कोणत्या शब्दावर बोट ठेवायचे हे वकिलाने सांगायचे असते. दोन्ही विषय एकाच डोक्यात असणारी माणसे कमी आहेत. या अभ्यासक्रमांची खरी गरज तेवढ्यासाठीच आहे, असे आमचे मत आहे.

महाराष्ट्राला ही जोड नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टरी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून अर्थशास्त्र असे दोन्ही अभ्यास एकाच काळात पुरे केले होते. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने आला.

साखरेच्या खटल्याचे पुढे काय झाले? भारताने अपील दाखल केले, पण ते ऐकायला कोणी नव्हते. अमेरिकेने नव्या नेमणुका अडविल्यामुळे सात सदस्यांच्या अपिलीय मंडळात डिसेंबर २०१९ नंतर एकच सदस्य उरला आणि सुनावणीला किमान तीन लागतात. (त्या डिसेंबरात मुदत संपलेल्यांपैकी एक होते भारताचे उजल सिंग भाटिया.) अपील प्रलंबित असेपर्यंत पॅनेलचा अहवाल लागू होत नाही. अभ्यासक या प्रकाराला ‘शून्यातले अपील’ म्हणतात. भारताला त्यातून तूर्त उसंत मिळाली हे खरे. परंतु उद्या आपणच जिंकलेल्या खटल्यात समोरच्या देशाने हीच वाट धरली, तर आपलेही हात बांधलेले राहतील.

गुंतवणूक लवाद

व्यापाराखालोखाल दुसरा मोठा विषय गुंतवणूक करारांचा. भारतीय न्यायालयांतील दिरंगाई ही कराराचा भंग ठरू शकते, हे आपल्याला २०११ साली ‘व्हाइट इंडस्ट्रीज’ या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या लवादात कळले. व्होडाफोनचे करप्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे २०१२ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागताच संसदेने पूर्वलक्षी दुरुस्ती केली. त्यावर नेदरलँड्सबरोबरच्या गुंतवणूक करारान्वये लवाद झाला, सप्टेंबर २०२० मध्ये तोही भारताविरुद्ध गेला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्वलक्षी आकारणी मागे घेण्यात आली. दरम्यान भारताने नवा नमुना करार स्वीकारून जुने बहुतेक द्विपक्षीय करार संपुष्टात आणले होते. एका करप्रकरणात संविधान, करकायदा आणि आंतरराष्ट्रीय लवाद असे तिन्ही स्तर पाहायचे असतील, तर याहून चांगला धडा नाही.

शिक्षण कोठे?

विधी पदवीधरांसाठी नेहमीचा मार्ग म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील एक वर्षाचा एलएलएम. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. प्रवेश ‘क्लॅट’च्या पदव्युत्तर परीक्षेतून होतो. तीत सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्यावरही प्रश्न असतात. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ स्वतःची वेगळी परीक्षा घेते. बार कौन्सिलने २०२१ साली एक वर्षाचा अभ्यासक्रम बंद करण्याचे नियम काढले होते, त्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अभ्यासक्रम सुरू राहिले, तरी प्रवेशापूर्वी ताजी स्थिती तपासावी. सार्क देशांच्या पुढाकाराने २०१० साली दिल्लीत सुरू झालेल्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीत एलएलएमचा भर आंतरराष्ट्रीय कायद्यावरच आहे. नोकरी वा वकिली सांभाळून विषयाची तोंडओळख हवी असणाऱ्यांना इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ या १९५९ पासूनच्या संस्थेच्या पदव्युत्तर पदविका पाहता येतील.

कायद्याची पदवी नसलेल्यांनी निराश होऊ नये. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत किंवा जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन व्यापार धोरणाकडे वळता येते. कराराची भाषा मात्र त्यांना स्वतंत्रपणे शिकावी लागेल.

परदेशात बर्न येथील वर्ल्ड ट्रेड इन्स्टिट्यूट कायदा, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र एकत्र शिकवते. जिनिव्हात तंटा निवारणाचा विशेष अभ्यासक्रम आहे. वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ याच विषयासाठी ओळखले जाते. नावाच्या मोहात पडण्यापूर्वी अभ्यासक्रमात अर्थशास्त्र सक्तीचे आहे की ऐच्छिक, हे पाहावे. ऐच्छिक असेल तर बहुतेक विधी पदवीधर ते टाळतात आणि वर्ष संपल्यावर जेथून निघाले तेथेच उभे असतात.

खर्च आणि काम

परदेशी एलएलएममुळे तेथे वकिलीची सनद आपोआप मिळत नाही, ही गोष्ट कर्ज काढण्यापूर्वी पालकांनीही समजून घ्यावी. भारतात अध्यापन करायचे असेल, तर नेट परीक्षा आणि परदेशी पदवीची समकक्षता हे दोन प्रश्न उभे राहतात. समकक्षतेची विचारणा आधीच करावी.

कामाची बाजारपेठ लहान आहे आणि बरीचशी दिल्लीत आहे. वाणिज्य मंत्रालयाशी संलग्न सेंटर फॉर ट्रेड अँड इन्व्हेस्टमेंट लॉ, व्यापार उपाययोजना महासंचालनालयापुढे अँटी-डंपिंगची प्रकरणे चालविणाऱ्या वकिली संस्था, संशोधन संस्था ही तेथील प्रमुख ठिकाणे. जिनिव्हातील पदे मोजकी आणि स्पर्धा जगभरची. मुंबईत लवादाचे काम वाढते आहे. संयुक्त अरब अमिराती व ऑस्ट्रेलियाबरोबर २०२२ साली, युरोपातील एफ्टा देशांबरोबर २०२४ साली आणि ब्रिटनबरोबर जुलै २०२५ मध्ये झालेल्या करारांमुळे निर्यातदारांनाही नियमांचा जाणकार लागेल. द्राक्ष, आंबा, औषधे यांच्या मालाच्या उगमाचे दाखले आणि मानके हे काम दिखाऊ नाही, पण रोजचे आहे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने तिकडे दुर्लक्ष करू नये.

शिष्यवृत्त्यांपैकी ब्रिटनच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तर फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर पाठ्यवृत्तीला तीन वर्षांचा. म्हणजे पदवी हाती पडताच निघण्यापेक्षा आधी काम करणे येथे फायद्याचे. मुंबईचा जे. एन. टाटा एन्डोमेंट निधी १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. उत्पन्न, वय आणि विद्यापीठाचे जागतिक मानांकन यांच्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत दिलेल्या असतात. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती जाहिरात निघण्यापूर्वीच तयार ठेवाव्यात. जाहिरातीनंतर तहसील कार्यालयात खेटे घालण्याइतका वेळ उरत नाही.