सहावी ते आठवीचे गणित : सराव कसा करावा?

दहावीच्या निकालानंतर 'गणिताने दगा दिला' हे वाक्य अनेक घरांतून ऐकू येते. प्रत्यक्षात तो दगा दहावीत झालेला नसतो. वर्गसमीकरणापाशी अडखळलेला विद्यार्थी पुष्कळदा समीकरणात नव्हे, तर अपूर्णांकांच्या बेरजेत किंवा ऋण चिन्हात अडकलेला असतो. राज्य मंडळाच्या नववी-दहावीत बीजगणित आणि भूमिती असे गणिताचे दोन स्वतंत्र भाग होतात. त्या दोन्हींचा पाया सहावी ते आठवी या तीन वर्षांत घातला जातो. या वर्षांतला सराव कच्चा राहिला, तर पुढे महागडी शिकवणी लावूनही 'मला गणित येतच नाही' ही मुलाची समजूत सहजी पुसली जात नाही.

सराव म्हणजे एकाच सरावसंचातील वीस सारखी उदाहरणे ओळीने सोडवणे, असा सर्वसाधारण समज आहे. पहिली दोन उदाहरणे सुटली की उरलेली अठरा हात आपोआप लिहितो, डोके थांबलेले असते. उत्तर काढण्यापूर्वी त्याचा अंदाज बांधणे आणि काढल्यानंतर ते पडताळून पाहणे, ही जोड दिली तरच सराव उपयोगी पडतो. संख्या, सांख्यिकी आणि भूमिती या तिन्ही विभागांत ती कशी देता येईल, ते पाहू.

संख्या : आधी अंदाज, मग आकडेमोड

१/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात आढळतात. अंशात अंश, छेदात छेद मिळवला की काम झाले, असे त्यांना वाटते. 'अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून कमी होईल का?' एवढे विचारले तरी चूक मुलाच्या ध्यानात येते, कारण २/५ हे अर्ध्यापेक्षा लहान आहेत. छेद समान करून ३/६ + २/६ = ५/६ ही रीत त्यानंतर सांगावी. दशांश अपूर्णांकांतही तोच घोटाळा होतो. ०.५ पेक्षा ०.१२५ मोठा, कारण पाचापेक्षा एकशे पंचवीस मोठे, असे मुलाला वाटते. ०.५ म्हणजे ०.५०० असे लिहून दाखवल्यास शंका फिटते. पूर्वीच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी तोंडपाठ केलेली असे. घरातील आजी-आजोबांना त्या आठवत असतील, तर अपूर्णांकांच्या सरावासाठी त्यांच्यासारखे शिक्षक नाहीत.

वजाबाकीच्या सरावासाठी एक रंजक खेळ महाराष्ट्रातच जन्मला आहे. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी १९४९ मध्ये तो मांडला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ - २३४५ = ३०८७, मग ८७३० - ०३७८ = ८३५२, मग ८५३२ - २३५८ = ६१७४. पुढे ६१७४ हीच संख्या येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती मिळतेच. शिवाय प्रत्येक वजाबाकीचे उत्तर नऊने निःशेष भागले जाते. त्यामुळे हातचा चुकला तर मुलाला ते स्वतःच शोधून काढता येते, त्यासाठी वही तपासणारे कोणी लागत नाही.

सांख्यिकी : सरासरी काय लपवते?

सहावीत स्तंभालेख, सातवीत जोडस्तंभालेख, आठवीत विभाजित आणि शतमान स्तंभालेख असा हा विषय वाढत जातो. आलेख नीटनेटका काढला की पूर्ण गुण, म्हणून मुले त्याकडे चित्रकलेच्या नजरेने पाहतात. आलेख वाचणे मात्र राहून जाते.

मुंबईकरांच्या स्मरणातील एक उदाहरण घेऊ. २६ जुलै २००५ च्या प्रलयात २४ तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर कुलाब्याला केवळ सुमारे ७३ मिलिमीटर. दोन्हींची सरासरी सुमारे ५०८ मिलिमीटर येते. हे उत्तर बिनचूक आहे, परंतु तेवढा पाऊस या दोन्हींपैकी कोणत्याही केंद्रावर पडला नव्हता. १ सेंटिमीटर = १०० मिलिमीटर हे प्रमाण घेऊन दोन स्तंभ काढले, तर एक साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास आणि दुसरा एक सेंटिमीटरपेक्षाही ठेंगणा येतो. सरासरीने झाकलेली गोष्ट आलेख उघड करतो. वृत्तपत्रातील तापमान, धरणांतील पाणीसाठा, क्रिकेटच्या धावा यांच्या आकड्यांवर असाच सराव घेता येईल. उभ्या अक्षावरील आकडे शून्यापासून सुरू झाले आहेत का, हे पाहण्याची सवयही लावावी. तसे नसल्यास किरकोळ फरकही डोंगराएवढा भासतो.

भूमिती : हाताने करून पाहावी

परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत ही या वयातील नेहमीची चूक. २४ सेंटिमीटर लांबीचा दोरा घेऊन त्याचे वेगवेगळे आयत करावेत. ११ × १ च्या आयताचे क्षेत्रफळ ११ चौरस सेंटिमीटर, ८ × ४ चे ३२, तर ६ × ६ च्या चौरसाचे ३६ भरते. दोरा तोच, पण व्यापलेली जागा तिपटीहून अधिक. दहा फूट रुंद, बारा फूट लांब खोलीला एक फुटी चौरस फरश्या १२० लागतात. दोन फुटी आणल्यास ६० नव्हे, ३० पुरतात. बाजू दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते, हा नियम यातून कळतो.

३, ४ आणि ८ सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण काढायला सांगावे. कंपासचे कंस एकमेकांना भेटतच नाहीत. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी हवी, हे अशा अपयशातून पक्के ठसते. ३, ४, ५ घेतले की काटकोन मिळतो. पायथागोरसचा हा सिद्धांत बांधकामाची आखणी करणारे गवंडीही दोरीने वापरतात.

आठवड्याची आखणी

* दररोज अर्धा तास पुरे. रविवारी चार तास बसवून काही साधत नाही.
* तिन्ही विभागांतील उदाहरणे मिसळून द्यावीत. परीक्षेत उदाहरणावर प्रकरणाचे नाव लिहिलेले नसते.
* प्रत्येक उदाहरणाशेजारी आधी पेन्सिलीने अंदाज लिहावा.
* 'चुकांची वही' वेगळी ठेवावी. चुकलेले उदाहरण, चुकीचे कारण आणि तारीख तीत नोंदवावी. आठवड्याने तेच उदाहरण, वही न पाहता, पुन्हा सोडवावे.
* उत्तर चुकल्यास पालकांनी लगेच बरोबर उत्तर सांगू नये. 'हे कसे काढलेस?' असे विचारावे. सांगता सांगता बहुतेक मुले आपली चूक आपणच पकडतात.